ओळ क्रमांक वीस

दर सोमवारी अकरा वाजता केसरखेडच्या माध्यमिक शाळेत संगणकाची पूजा होई. शनिवारी मशिनीचं बटण बंद करून, वायर गुंडाळून, तिच्यावर हेडमास्तरांच्या मंडळींनी भरलेला रुमाल टाकलेला असे. सोमवारी सोसायटीचे चेअरमन महारुद्रअप्पा येत. तेच शाळेच्या संस्थेचेही अध्यक्ष. ते रुमाल उचलत, पडदा म्हणून जोडलेल्या टीव्हीच्या कपाळाला हळदकुंकू लावत, उंबऱ्यावर नारळ फोडत आणि मग उजव्या अंगठ्यानं बटण दाबत. मशीन जागी होऊन एकदा ओरडे. मग पिराजी बनसोडे मास्तर टेपरेकॉर्डरात प्रोग्राम भरलेली कॅसेट घालत. कॅसेट दोन मिनिटं किंचाळे, आणि तेवढा वेळ लोक हात जोडून उभे राहत, कारण मशीन मंत्र म्हणते असं कुणीतरी गावात सांगून ठेवलं होतं. शेवटी अप्पा एक नंबरची कळ दाबत आणि पडद्यावर बारा वस्त्यांची नावं एकाखाली एक उतरत. पाण्याचा टँकर आठवडाभर रोज त्याच क्रमानं फिरे.

पहिलं नाव अप्पाचा मळा. अकरावं भीमनगर. बारावं लमाण तांडा.

टँकर एकच होता आणि डिझेल रोज सात खेपांचं मिळे. त्यामुळं सातव्या नावानंतर यादीत 'जमल्यास' असा शब्द होता. तो तहसिलातून टाइप होऊन आला होता. शहाऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात तो एकदाही जमला नव्हता.

सलग पाचव्या सोमवारी हीच यादी ह्याच क्रमानं उतरली तेव्हा पिराजी मास्तर कॅसेट काढायची विसरून पडद्याकडं बघत राहिले. मशिनीत ती यादी काढणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. आणि त्यांची आई भीमनगरात राहत होती.

असं नाही की कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या सोमवारी किराणावाला माणिकप्पा उठून म्हणाला होता, "अप्पा, दर बारी त्येच कसं निघतंय?"

अप्पा रागावले नाहीत. "माणिकप्पा, सात सत्ते किती?"

"एकोणपन्नास."

"गेल्या सोमवारी किती व्हते?"

"एकोणपन्नासच."

"आन् फुडल्या सोमवारी?"

माणिकप्पा खाली बसला. अप्पा लोकांकडं वळून म्हणाले, "बरोबर गणिताचं उत्तर बदलत न्हाय. बदललं, तर समजायचं कुनीतरी हात मारला."

लोकांना हे पटलं. गणितात नापास झालेल्या माणसाला गणिताबद्दल जेवढा आदर असतो तेवढा पास झालेल्याला नसतो, आणि केसरखेडात नापासांचं बहुमत होतं. चौथ्या सोमवारनंतर अप्पांनी पेंटर बोलावून चावडीच्या भिंतीवर यादी ऑइलपेंटनं रंगवून घेतली. दर आठवड्याला खडूनं कशाला लिहायची? पूजा मात्र चालू राहिली, कारण पूजेचा ठराव झालेला होता.

मशीन सरकारी योजनेतून आली होती. शाळेला नळ नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, मुलींना संडास नव्हता. अप्पांचे मेव्हणे निवड समितीवर होते, म्हणून संगणक होता. त्याच्याबरोबर एक जाडजूड पुस्तकही आलं होतं. ते खराब होऊ नये म्हणून डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवून लोखंडी कपाटात ठेवलं होतं आणि कपाटाची किल्ली अप्पांच्या कडदोऱ्याला होती. पिराजीनं तीनदा लेखी अर्ज केला. तिन्ही अर्ज त्याच कपाटात गेले.

तरी पिराजीनं मशीन बोलती केली. औरंगाबादेत शिकत असताना त्यानं एका संस्थेत खोलीभर मोठा संगणक पाहिला होता. त्याच्यावर एक आकड्याचा खेळ होता. मशीन एक ते शंभरमधला एक आकडा मनात धरे, आपण तो ओळखायचा. आपण पन्नास म्हटलं की ती 'मोठा' किंवा 'लहान' म्हणे. सात प्रयत्नांत यायला हवा. पिराजीनं त्या खेळाच्या सगळ्या ओळी दोनशेपानी वहीत उतरवून घेतल्या होत्या. आठ वर्षं ती वही ट्रंकेत पडून होती. शाळेत मशीन आल्यावर त्यानं ती काढली आणि तो खेळ ह्या लहान मशिनीच्या भाषेत बसवायला घेतला.

भाषा नावाला तीच होती, पण मराठवाड्याची मराठी आणि पुण्याची मराठी एकच म्हणावी तशी. मोठ्या मशिनीला चालणारा शब्द धाकटीला चालत नसे. नाही चालला की ती पडद्यावर एकच शब्द छापे, 'मिस्टेक'. कुठं चुकलं, कसं चुकलं, काही नाही. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासारखी. पिराजी एकेक ओळ घेऊन तिच्याशी दोन महिने हुज्जत घालत बसला. शेवटी एकच ओळ राहिली, ओळ क्रमांक वीस. तिच्यात एकच शब्द होता, रॅन्डमाइझ. मशीन म्हणाली, मिस्टेक. त्यानं स्पेलिंग तपासलं, जागा सोडून पाहिली, पुढं आकडा लावून पाहिला. मिस्टेक. योग्य शब्द कपाटातल्या पुस्तकात होता.

मग त्यानं ती ओळच खोडली. मशीन गप्प झाली आणि खेळ सुरू झाला. जी ओळ काढल्यावर तक्रार थांबते ती ओळ अनावश्यक होती, असा त्यानं निष्कर्ष काढला. सरकारी नोकरीत हा निष्कर्ष सर्वमान्य आहे.

जानेवारीत अप्पांनी तो खेळ पाहिला. दोन डाव हरल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, आकडा ह्ये मशीन आपल्या मनानं धरतंय?"

"हो."

"कुनाचं ऐकत न्हाय?"

"कुणाचंच नाही."

"मग टँकरचं ह्येलाच सांगा. माझ्या डोस्क्याचा ताप जाईल."

पिराजीला त्या रात्री आनंदानं जेवण गेलं नव्हतं. भीमनगरचा नंबर अप्पांच्या तोंडातून न येता पहिल्यांदाच कुठून तरी दुसरीकडून येणार होता. आकडा धरायच्या त्याच ओळी वापरून त्यानं चार दिवसांत वाटपाची यादी बसवली. एक नंबरची कळ वाटपाला, दोन नंबरची खेळाला. आता तो आनंद आठवला की त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

त्या पाचव्या सोमवारी तो घरी गेला तेव्हा त्याची आई सरुबाई ओढ्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी उपसत बसली होती. शेजारी वस्तीतलीच पुतळाबाई होती. तिचा नंबर यायचा होता.

पुतळाबाई म्हणाली, "सरुबाई, तुझ्या ल्येकाच्या मशिनीला आपल्या वस्तीचा वास येतोय काय गं?"

सरुबाई वाटीवाटीनं घागर भरत राहिली. घागर अर्धी झाली तेव्हा लेकाकडं न बघता म्हणाली, "आदी अप्पा थांबा म्हनायचा. आता तुजी मशीन म्हनती. अप्पाला शिव्या तरी देता येत व्हत्या."

"आई, मी काही केलेलं नाही."

"त्येच म्हनते म्या."

रविवारी तो मुरुमच्या बाजाराला गेला. तिथं घड्याळं-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या खाजाभाईंच्या मेव्हण्यानं दुबईहून एक घरगुती संगणक आणला होता. ताटाएवढा काळा, रबरी कळांचा. खाजाभाईंना त्याच्यावर तोच आकड्याचा खेळ हवा होता. दुरुस्तीला बसलेलं गिऱ्हाईक कंटाळून उठून जाऊ नये म्हणून. पिराजी वही घेऊन बसला. ह्या मशिनीत अक्षरं जुळवावी लागत नसत, आख्खे शब्दच कळांवर छापलेले होते.

त्याला हेडमास्तरांची आठवण झाली. "आमचे रेवणसिद्ध सर सोमवार सोडून रोज सकाळी प्रार्थनेनंतर मशीन बंद करून नव्यानं चालू करतात आणि पहिल्या फटक्यात आकडा ओळखतात. एकसष्ट. म्हणतात, ही माझी साधना."

"रोज एकसष्टच सांगतात?"

"रोज."

"आन् रोज बरोबर?"

"रोज."

खाजाभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "मास्तर, माझ्याकडं एक घड्याळ आलं आन् ते सकाळी बघावं तवा सहाच वाजलेले दाखवायला लागलं, तर मी त्याला वक्तशीर न्हाय म्हणत. मी ते खोलतो."

पिराजीचा हात वहीवर थांबला. नंतर तो हळूहळू रबरी कळांवरून फिरला आणि एका कळीवर अडकला. तिच्यावर चार इंग्रजी अक्षरं छापली होती. त्याच्या वहीतल्या विसाव्या ओळीच्या शब्दाची पहिली चार अक्षरं.

त्यानं ती कळ दाबली. ह्या मशिनीनं मिस्टेक म्हटलं नाही. खेळ सुरू केला, पहिला आकडा निघाला सतरा. मशीन बंद केली, चालू केली, सगळं पुन्हा घातलं. पहिला आकडा ब्याऐंशी. मग त्यानं विसावी ओळ काढून टाकली आणि तोच प्रयोग दोनदा केला. दोन्ही वेळा पहिला आकडा तोच निघाला, दुसराही तोच.

"खाजाभाई," पिराजी म्हणाला, "मशीन मनानं काही धरत नाही. तिच्या पोटात आकड्यांचा एक लांबलचक ठरलेला पाढा आहे. चालू केली की ती तो पहिल्यापासून म्हणते. ही ओळ तिला सांगते, मधूनच कुठून तरी म्हण. मोठी मशीन कधी बंदच व्हायची नाही, तरी तिलासुद्धा ही ओळ होती. आमची आम्ही दर शनिवारी बंद करतो."

"का बंद करता?"

"सोमवारी अप्पांच्या हातानं चालू व्हावी म्हणून."

खाजाभाईंनी भिंग परत डोळ्याला लावलं. "हौ. मग तुमच्या टँकरचा क्रम अप्पांनी न्हाय ठरवला, नारळानं ठरवला."

एसटीत पिराजीला बसायला जागा मिळाली, पण तो उभाच राहिला. सगळ्यात जास्त चीड त्याला ह्याची आली की अप्पांनी खरोखरच काही केलं नव्हतं. तीस वर्षं त्या माणसानं असल्या गोष्टी कष्ट करून जमवल्या होत्या. मतं, कर्जं, नेमणुका. ही मात्र त्यांना फुकट मिळाली. पहिल्या सोमवारी निव्वळ नशिबानं त्यांचा मळा पहिला निघाला आणि पुढं पिराजीच्या खोडलेल्या ओळीनं ते नशीब कायम केलं. नोकरीत कायम व्हायला पिराजीला स्वतःला सहा वर्षं लागली होती.

तो उतरला तो थेट अप्पांच्या ओट्यावर गेला. जे कळलं ते सगळं सांगितलं. अप्पांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं, आणि पिराजीला वाटलं होतं त्याच्यापेक्षा लवकर त्यांना समजलं.

"म्हंजे एक ओळ घातली की दर सोमवारी येगळी यादी?"

"हो. त्यासाठी कपाटातलं पुस्तक पाहिजे. आपल्या मशिनीचा शब्द वेगळा आहे."

"आन् मळा खाली बी जाईल."

"जाईल, कधी वर येईल. सगळ्यांचंच तसं. चिठ्ठी म्हणजे तेच."

"मास्तर, भिंतीवर ऑइलपेंट मारलाय."

"खरवडता येतो."

"उद्या औरंगाबादहून सायब येनार हाय बघायला. संगणकानं पानीवाटप, सबंध मराठवाड्यात पयलं. त्येला काय सांगू, मशीन दर आठवड्याला शब्द फिरवतंय?" अप्पांनी सुपारी तोंडात टाकली. "तुमी शिकलेले. तुमाला म्या कामावर घेतलं तवा लोक काय काय बोलले, म्या ऐकून घेतलं. उद्या फक्त कॅसेट घाला. कळीला हात लावू नगा. किल्ली माज्याकडं हाय, ती माज्याकडंच बरी."

पिराजी उठला. मळ्यातली तीन घरं आणि चारशे डाळिंबांची झाडं ओट्यावरून दिसत होती. झाडांच्या आळ्यांत माती ओली होती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे दोन गडी मशिनीच्या दोन बाजूंना उभे होते, मास्तरांचे हात सांभाळायला. साहेब आले. रुमाल उचलला, कुंकू लागलं, नारळ फुटला, अप्पांनी बटण दाबलं, कॅसेट किंचाळली. साहेबांनी काही न कळून हात जोडले. खिडकीबाहेर बायांची गर्दी होती. पुतळाबाई गजाला धरून उभी होती, तिच्यामागं सरुबाई.

अप्पांचा अंगठा एक नंबरच्या कळीवर जाणार तेवढ्यात पिराजी म्हणाला, "साहेब, आधी दोन दाबून बघा. मशीन एक आकडा मनात धरते. आजपर्यंत पहिल्या फटक्यात फक्त आमच्या हेडमास्तरांनी ओळखलाय."

अप्पांनी मान वर केली. पण पाहुण्याच्या बोटाला धरायचं कसं हे त्यांना सुचेपर्यंत साहेबांनी दोन दाबलं होतं. रेवणसिद्ध सरांनी वाकून साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"एकसष्ट," साहेब म्हणाले.

बरोबर निघालं. टाळ्या पडल्या. साहेब लाजले. रेवणसिद्ध सरांच्या चेहऱ्यावर, आपली विद्या योग्य शिष्याच्या हाती गेल्याचं समाधान पसरलं.

"आता वाटप," साहेब म्हणाले, आणि फॉर्मात येऊन एक नंबरची कळही त्यांनीच दाबली.

नावं उतरायला लागली. पहिलं कुंभारवाडा. दुसरं लमाण तांडा. चौथं भीमनगर. अप्पाचा मळा नवव्या जागी, 'जमल्यास'च्या खाली.

साहेबांनी खिडकीतून समोरच्या चावडीकडं पाहिलं, मग पडद्याकडं. "भिंतीवर वेगळं आहे."

"मशीन बिघडलं," अप्पा म्हणाले. "मास्तरांनी बिघडवलं."

"मी हात लावलेला नाही. हे दोघं साक्षीला आहेत." पिराजीचा आवाज त्याला वाटलं होतं त्याच्यापेक्षा मोठा निघाला. "साहेब, मशिनीत एक ठरलेला पाढा आहे. दर सोमवारी आम्ही ती नव्यानं चालू करतो, म्हणून ती दर सोमवारी तोच पाढा म्हणते. आज तुम्ही खेळलात, त्यात पाढ्यातला पहिला आकडा खर्च झाला, म्हणून यादी सरकली. पाच आठवडे गाव ज्याला गणित म्हणतंय ती एकदाच काढलेली चिठ्ठी आहे. आणि त्या चिठ्ठीवर पाच आठवडे पहिली खेप तीन घरांना आणि चारशे डाळिंबांना जातेय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "ठीक आहे. मग ह्यातली बरोबर यादी कुठली?"

"कुठलीच नाही."

"असं कसं? एक तर बरोबर असेलच."

"वस्त्या बारा आहेत आणि खेपा सात. ह्याची बरोबर यादी कुठल्याच मशिनीत निघत नाही. दर आठवड्याला नवी चिठ्ठी काढली तर तहान निदान फिरती राहील, एवढंच. तेही एका ओळीवाचून अडलंय."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. मग ते अप्पांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "प्रॉब्लेम असा आहे, अध्यक्षसाहेब, की माझा अहवाल मी शनिवारीच पाठवलाय. त्याच्यात तुम्ही पाठवलेला भिंतीचा फोटो आहे."

म्हणजे भिंत खरी ठरली. जेवण अप्पांच्या मळ्यात होतं.

मंगळवारी सकाळी रसूल ड्रायव्हर टँकर घेऊन भरणविहिरीवर गेला, तर विहिरीच्या तोंडाशी दीडशे घागरी मांडलेल्या आणि त्यांच्यामागं आठव्यापासून बाराव्यापर्यंतच्या पाच वस्त्यांच्या बाया बसलेल्या. रसूलनं टँकर भरला, पण बाहेर काढायला वाट नव्हती. त्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. तासाभरानं अप्पा जीपमधून आले.

"सरुबाई, काय तमाशा ह्यो? भिंतीवर लिवलंय ते दिसत न्हाय?"

"म्या कुठं शाळेत गेले, अप्पा? पर ल्योक काल सायबाला म्हनला, कुठलीच यादी बरोबर न्हाय. म्या खिडकीतून ऐकलं."

"सायबानं भिंतीवरची खोडली न्हाय."

"खरी हाय असं बी म्हनला न्हाय. पाच आठवडे आमी घरात बसलो अप्पा, गनित हाय म्हनून. गनितासंगं कोन भांडतंय? आता कळलं, चिठ्ठी हाय. चिठ्ठीसंगं भांडता येतं."

पुतळाबाई म्हणाली, "तुमच्या डाळिंबाला सांगा, जमल्यास."

अप्पांनी रसूलकडं पाहिलं. "काढ रं गाडी."

"कुठनं काढू?" रसूल म्हणाला. "तुम्हीच वाट दावा."

अप्पांनी वाट पाहिली. घागरी मातीच्या नव्हत्या, पितळेच्या होत्या; वरून गाडी घातली तर टायर फाटला असता. ते जीपमध्ये बसून निघून गेले. रसूलनं बिडी संपवली, खाली उतरला आणि तिथंच तोटी सोडली. त्या दिवशी सातही खेपा विहिरीपासून शंभर पावलांच्या पुढं गेल्या नाहीत.

हा ओरडा शाळेत ऐकू येत होता. पिराजीसमोर संस्थेची नोटीस होती. 'शासकीय संगणकाकडून हेतुपुरस्सर चुकीचे उत्तर काढून शासनाची व संस्थेची बदनामी केल्याबद्दल' चोवीस तासांत खुलासा आणि बिनशर्त माफी मागवली होती. रेवणसिद्ध सर समोर बसून होते. सकाळी त्यांनी साहेबांच्या उलट आधी एक दाबून मग दोन दाबलं होतं आणि एकसष्ट चुकलं होतं, त्यामुळं ते जरा खचलेले होते.

पिराजीनं खुलासा लिहिला. तो तीन ओळींचा होता.

'मूळ प्रोग्राममधील ओळ क्रमांक वीस मी खोडली, ही चूक माझी आहे. ती पुन्हा घालण्यास परवानगी मिळावी. त्यासाठी लागणारे पुस्तक कपाटात आहे, तरी किल्ली मिळावी.'

हेडमास्तरांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"बनसोडे, ह्यात माफी कुठाय?"

"कपाटात असेल सर," पिराजी म्हणाला. "किल्ली अप्पांकडं आहे."